तिसऱ्यांचं बारसं कितीदा करायचं?

मागच्या अंकात खाडीवरच्या बाजाराबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की आपण खातो त्यातल्या बऱ्याच शिंपल्यांची पुस्तकातली शास्त्रीय नावं आता चालत नाहीत. बस, तेवढंच. त्यावर पत्रं आली, मेल आले, एका रिटायर्ड सरांनी तर फोन करून "मग आम्ही तीस वर्षं काय खोटं शिकवलं का" असं विचारलं. खोटं नाही हो सर. पण उत्तर एका ओळीत मावणारं नाही, म्हणून यावेळचं अख्खं सदर शिंपल्यांनाच दिलंय.

प्रश्न : मॅडम, मी रत्नागिरीत एमएस्सी झूलॉजी करतेय. काळबादेवीच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खाण्यातल्या छोट्या शिंपल्यांवर, प्रोजेक्ट केला, नाव लिहिलं पाफिया मलबारिका. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते खोडून शेजारी लाल पेनानं प्रोटापेस गॅलस लिहिलं आणि दोन मार्क कापले. सगळ्या जुन्या रिपोर्टांत तर पाफिया मलबारिकाच आहे. चुकलं कुणाचं?

मार्क कापले ते मला पटलं नाही, कारण तू ज्या पुस्तकावरून शिकलीस त्यात तेच नाव आहे. पण लाल पेनातलं नाव बरोबर आहे, आणि ते का बरोबर ती गोष्ट मजेशीर आहे, जरा बैस.

१७६९ पासून जर्मन भाषेत शंखशिंपल्यांचं एक भलंमोठं सचित्र पुस्तक भागाभागानं निघत होतं, कॉन्किलियन कॅबिनेट. सुरू केलं मार्टिनीनं, तो वारल्यावर पुढे रेटलं कोपनहेगनच्या चेम्निट्झ नावाच्या पाद्र्यानं. चित्रं हातानं रंगवलेली, आजही तासभर बघत बसावं अशी. त्यातल्या १७८२ च्या भागात आपली ही बाई आहे, व्हीनस मलबारिका म्हणून. आता प्राण्यांच्या शास्त्रीय नावाची पहिली अट म्हणजे नाव दोन शब्दांचं पाहिजे, पहिला शब्द घराण्याचा (जीनस), दुसरा जातीचा, आणि लिहिणाऱ्यानं ती शिस्त पुस्तकभर पाळलेली पाहिजे. चेम्निट्झसाहेबांचं तसं नव्हतं, लहर लागेल तसे कधी दोन शब्द, कधी तीन, कधी अर्धी ओळ वर्णनच नाव म्हणून ठोकून दिलेलं. शेवटी १९४४ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं निकाल दिला की या पुस्तकाचे पहिले अकराच्या अकरा भाग नावांपुरते बाद. चित्रं बघा, वर्णन वाचा, पण नाव तिथून उचलायचं नाही.

मग मलबारिका गेलं. पुढचं नाव शोधायचं तर १७९१ ला यावं लागतं, त्या साली ग्मेलिन नावाच्या प्रोफेसरनं, दोन शब्दी नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या ग्रंथाची तेरावी आवृत्ती काढली आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चित्रांना धडाधड दोन शब्दी नावं देऊन टाकली. त्यात ही झाली व्हीनस गॅलस. गॅलस म्हणजे लॅटिनमध्ये कोंबडा. (तिसऱ्यांचं सुकं ताटात आल्यावर हे आठवलं की मला दर वेळी हसू येतं.) नंतर व्हीनस या अवाढव्य घराण्याच्या वाटण्या झाल्या, आपली शिंपली पाफियाकडे आणि पुढे पाफियातून निघून प्रोटापेसकडे गेली. म्हणून प्रोटापेस गॅलस.

आणि यातली खरी गंमत अशी की ज्या पाफिया नावाला आपण इतके चिकटून बसलो ते आलंय एका लिलावाच्या कॅटलॉगमधून. हॅम्बुर्गमध्ये बोल्टेन नावाचे एक डॉक्टर होते, शंखशिंपल्यांचे शौकीन, ते गेल्यावर त्यांचा संग्रह विकायला काढला आणि रोडिंग नावाच्या माणसानं विक्रीची यादी केली, १७९८ साली. यादीच ती, वर्णन जवळजवळ नाहीच, नुसतं नाव आणि "अमक्या पुस्तकातलं तमकं चित्र बघा". पण नावं नीट दोन शब्दी! आणि चित्राकडे बोट दाखवलेलं, तेवढं त्या काळातल्या नावाला पुरतं. म्हणजे चेम्निट्झचं देखणं पुस्तक नापास आणि त्याच्याच चित्रांकडे बोट दाखवणारी दुकानदारी यादी पास. अन्याय आहे, मान्य. हे रोडिंग महाशय लक्षात ठेव, खाली पुन्हापुन्हा भेटणार आहेत.

आता तू म्हणशील की सगळ्यांच्या तोंडी बसलेलं नाव ठेवायला काय हरकत होती. तशी सोय प्राणिनामकरणाच्या नियमावलीत, म्हणजे कोडमध्ये, आहे, पण अट कडक आहे. नियमानं आधीचं ठरलेलं नाव (इथे गॅलस) १८९९ नंतर कुणीही खरं नाव म्हणून वापरलेलं नसलं पाहिजे, आणि तोंडी बसलेलं नाव गेल्या ५० वर्षांत किमान १० लेखकांनी किमान २५ लिखाणांत वापरलेलं पाहिजे, तेही निदान १० वर्षांच्या अंतरात पसरलेलं. गॅलस हे नाव तर विसाव्या शतकातही लोक वापरत होते, त्यामुळे ही पळवाट बंद. केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या याच शिंपलीच्या मासेमारीला २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं, टिकाऊ मासेमारीचं, सर्टिफिकेट मिळालं, भारतातलं पहिलं, आणि त्या वेळच्या बातम्या नि कागद सगळे पाफिया मलबारिकाचे. म्हणून प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा नाव येईल तिथे लिही : प्रोटापेस गॅलस (ग्मेलिन, १७९१), आधीच्या भारतीय साहित्यात पाफिया मलबारिका. एकदाच लिही, पण लिही, नाहीतर पुढच्या वर्षीची मुलगी शोधायला बसेल तेव्हा तिला तुझं काम सापडणार नाही किंवा जुनं सापडणार नाही.

प्रश्न : नावापुढे माणसाचं नाव आणि साल कधी कंसात असतं, कधी बिनकंसाचं. छापणाऱ्याची चूक समजायची का? (चिपळूण)

नाही, त्या कंसाला अर्थ आहे. कंस म्हणजे या माणसानं नाव दिलं तेव्हा शिंपली दुसऱ्या घराण्यात होती. शिणाण्यांना, म्हणजे हिरव्या कवचाच्या लांबट शिंपल्यांना, लिनियसनं १७५८ मध्ये मायटिलस विरिडिस म्हटलं, पुढे ती पेर्ना झाली, म्हणून पेर्ना विरिडिस (लिनियस, १७५८). लग्नानंतरच्या आडनावापुढे माहेरचं लिहितात तसं समजा. घर बदललं की कधी कधी शेपूटही बदलतं, कारण लॅटिनला लिंग आहे. दक्षिण अमेरिकेतून येऊन आता केरळच्या बॅकवॉटरमध्ये ठाण मांडून बसलेली एक शिंपली आहे, तिचं मूळ नाव मायटिलस स्ट्रिगाटस, मायटिलस पुल्लिंगी. मायटेला या स्त्रीलिंगी घरात आल्यावर ती झाली मायटेला स्ट्रिगाटा. स्पेलिंगची चूक नव्हे, व्याकरण.

प्रश्न : आमचा सिंधुदुर्गातला बचत गट कालवं पाळतो. पहिल्या अहवालात क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस लिहिलं होतं. यंदा ट्रेनिंगला आलेल्या मुलानं मॅगलाना बायलिनियाटा लिहायला सांगितलं, आम्ही लिहिलं, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, जात बदलली का? परवानगी घेतलीत का? आम्ही काय उत्तर द्यायचं?

ताई, सांगा साहेबांना, दोरीला तीच कालवं लटकतायत, कागद बदललाय.

इथे दोन वेगवेगळे बदल एकदम झालेत म्हणून गोंधळ जास्त. शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव मागून. आधी नावाचं बघू. प्रेस्टन नावाच्या इंग्रजानं १९१६ मध्ये मद्रासकडच्या कालवांना मद्रासेन्सिस म्हटलं. तिकडे फिलिपिन्समध्ये फाउस्टिनोनं १९३२ साली तिथल्या कालवांना इरेडेलाय म्हटलं. दोघांनी आपापल्या किनाऱ्यापुरतं बघितलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पण सगळं शेजारी मांडून बघितलं तेव्हा लक्षात आलं की हे एकाच जातीचे दोन दाखले आहेत आणि तिला १७९८ मध्येच बायलिनियाटा हे नाव मिळालेलं आहे. कुणी दिलं? रोडिंगनं, लिलावाच्या यादीत. आधी येईल त्याचा नंबर, हाच नियम, म्हणून बायलिनियाटा.

आता आडनाव. क्रॅसोस्ट्रिया घराण्याची कर्ती मंडळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची, व्हर्जिनिका जातीची. डीएनए बघितल्यावर पॅसिफिक आणि हिंदी महासागराकडची कालवं ही त्यांच्यापासून वेगळी शाखा दिसली, म्हणून साल्व्ही आणि मारिओट्टिनी या दोघांनी २०१७ मध्ये त्यांना वेगळं आडनाव दिलं, मॅगलाना, मॅगेलन या दर्यावर्दीवरून. यावर कालवं पाळणारे आणि कालवांवर संशोधन करणारे भरपूर लोक चिडले. त्यांनी त्याच वर्षी विरोधाचा लेख छापला. त्यांचं म्हणणं असं की शाखा वेगळी आहे हे मान्य, पण तेवढ्यासाठी आडनाव बदलायची गरज नव्हती, जगातल्या सगळ्यात जास्त पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी एकाचं, जायगास कालवाचं, नाव यामुळे हजारो कागदांत बदलावं लागतं. हे भांडण अजून चालू आहे. समुद्री जीवांची जागतिक नोंदवही, वर्म्स म्हणतात ती, तिनं मॅगलाना घेतलंय, पण बरेच शास्त्रज्ञ अजून क्रॅसोस्ट्रियाच लिहितात आणि त्यात नियमाचा भंग काही नाही, कारण घराणं कुठे तोडायचं हे मताचं काम आहे. नाव कुणाचं आधीचं हे मात्र मताचं काम नाही, ते तारखेचं काम आहे. माझं विचाराल तर मला आडनाव बदलण्याची घाई झाली असं वाटतं, पण फॉर्मवर माझं मत चालत नाही, तेव्हा दोन्ही लिहा : मॅगलाना बायलिनियाटा, पूर्वीचं क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस. आणि वर्म्सच्या पानाची प्रिंट काढून फाईलला लावा, साहेब लोकांना प्रिंट आवडते.

कालवांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरच्या दोन भानगडी सांगते. खडकावरची छोटी कालवं, ज्यांच्या कडांवर अनवाणी पाय पडला की रक्त निघतं, त्यांच्यावर मुंबईत अवटी आणि राय यांनी १९३१ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं, ऑस्ट्रिया कुकुलाटा, द बॉम्बे ऑयस्टर. झूलॉजीच्या किती पिढ्या त्यावरून कालव कापायला शिकल्या. ते कुकुलाटा नाव बॉर्न यानं १७७८ मध्ये व्हिएन्नाच्या राजसंग्रहातल्या शिंपलीला दिलेलं आणि ती कुठली तर असेन्शन बेटावरची, म्हणजे पार अटलांटिकच्या मधोमध! आता ही सॅकोस्ट्रिया कुकुलाटा झालीय. लॅम आणि मॉर्टन यांनी २००६ मध्ये हिंदी आणि पश्चिम पॅसिफिकमधल्या या कालवांचा डीएनए तपासला तर एका कुकुलाटा नावाखाली निदान सात वेगळ्या वंशरेषा निघाल्या. मग "बॉम्बे ऑयस्टर" यातली नेमकी कुठली आणि तिला कुकुलाटा म्हणायचा हक्क आहे का, हा प्रश्न उरतोच. शिंपली एकच असती तर नाव शोधणं सोपं होतं, इथे आधी माणसं किती तेच मोजायचंय.

दुसरी भानगड खाडीतल्या मोठ्या कालवाची, क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस. केळव्याच्या खाडीत दुर्वे आणि बाळ यांनी १९६० च्या सुमारास हिच्यावर भरपूर काम केलं. पण हे नाव मुळात श्लोथाइम या जर्मन माणसानं एका जीवाश्माला दिलेलं, दगड झालेल्या कालवाला. १९१२ मध्ये न्यूटन आणि स्मिथ यांनी आपल्याकडची जिवंत कालवं बघून लिहिलं की ही तर मायोसीन काळातली तीच जात, अजून जिवंत! मायोसीन म्हणजे किमान पन्नास लाख वर्षांमागचं. कालवाची शिंप ज्या दगडावर वाढते त्याचा आकार घेते, चिखलात लांबुळकी होते, खडकावर चपटी, गर्दीत वाकडी. अशा शिंपेवरून पन्नास लाख वर्षांचं नातं जुळवायचं मला तरी धाडसाचं वाटतं, आणि एवढ्या जुन्या जीवाश्माचा डीएनए काढून पडताळा घेता येत नाही. पण रोजच्या वापरात नाव आहे, म्हणून आहे.

प्रश्न : मेरेट्रिक्स या नावाचा अर्थ डिक्शनरीत बघितला आणि दचकलो. हे खरंच मुलांना शिकवायचं का? (एक शिक्षक, पालघर)

सर, अर्थ नका सांगू, नाव शिकवा. लिनियसला १७५८ मध्ये काय सुचलं कोण जाणे, त्यानं शिंपल्यांच्या एका मोठ्या गटाला व्हीनस म्हटलं, त्यातल्या एका गुळगुळीत चकचकीत शिंपलीला मेरेट्रिक्स, म्हणजे गणिका. पुढे १७९१ मध्ये ग्मेलिननं तिच्यासारख्याच दुसरीला नाव दिलं कास्टा, म्हणजे पतिव्रता. आता दोघी एकाच घरात, मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स आणि मेरेट्रिक्स कास्टा, आणि आपल्या खाड्यांतून दोघी एकाच टोपलीतून बाजारात येतात. दिसायला इतक्या सारख्या की भल्याभल्यांची फसगत होते. कोळणी मात्र त्याला मुळे म्हणतील, शिवल्या म्हणतील, तिसऱ्या म्हणतील, खाडी ओलांडली की नाव फिरतं. तैवानमधली गंमत तर याहून मोठी : तिथे वर्षानुवर्षं पाळलेली, खाल्लेली शिंपली सगळे मेरेट्रिक्स लुसोरिया म्हणत होते (नाव रोडिंगचंच, १७९८), आणि २०२३ मध्ये कळलं की ती लुसोरिया नव्हेच, तिला नावच नव्हतं. मग ती मेरेट्रिक्स तैवानिका झाली. सूप रोजचं, नाव कालचं.

प्रश्न : लक्षद्वीपला स्नॉर्कलिंग करताना ते मोठे रंगीत ओठवाले शिंपले बघितले. गाईड म्हणाला ट्रिडॅक्ना मॅक्झिमा. इतका मोठा, डोळ्यांत भरणारा प्राणी, त्याच्या तरी नावात घोळ नसेल ना? (पुणे)

तुम्ही नेमकी दुखरी नस दाबलीत. राक्षसी शिंपल्यांचा घोळ सगळ्यात मोठा आहे आणि तीन वेळा जवळजवळ एकाच पद्धतीनं झालाय.

२००८ मध्ये तांबड्या समुद्रातून एक नवी जात जाहीर झाली, ट्रिडॅक्ना कोस्टाटा. मोठी बातमी होती, वर्तमानपत्रांत आली, कारण तिथल्या जिवंत राक्षसी शिंपल्यांत ही १ टक्क्याहून कमी उरलेली. डीएनए वेगळा, शिंपेच्या कंगोऱ्यांची नक्षी वेगळी, अंडी घालायचा हंगाम वेगळा, काम चोख. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, ह्युबर आणि एश्नर या दोघांनी व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले जुने नमुने बाहेर काढले. 'पोला' नावाचं ऑस्ट्रियन जहाज १८९५ ते १८९८ दरम्यान तांबड्या समुद्रात दोनदा फिरून आलं होतं, त्यानं आणलेल्या शिंपल्यांवर स्टुरानी यानं १८९९ मध्ये लिहिलं होतं आणि त्यातल्या एका प्रकाराला स्क्वामोसिना म्हटलं होतं. ते नमुने आणि नवी कोस्टाटा शेजारी ठेवली तर तीच! नाव गेलं, कोस्टाटाचं झालं ट्रिडॅक्ना स्क्वामोसिना. डीएनएनं सांगितलं की ही वेगळी जात आहे, ते शंभर टक्के खरं ठरलं. पण तिचं नाव काय हे डीएनए सांगू शकत नाही, ते म्युझियमचा ड्रॉवर सांगतो. या दोन गोष्टींची गल्लत बहुतेकांची होते, कॉलेजातसुद्धा.

दुसरी गोष्ट फिजी आणि टोंगाकडची. खोल पाण्यातला एक शिंपला १९९० च्या सुमारास नवा म्हणून जाहीर झाला, नाव टेव्होरोआ, तिथल्या भाषेत टेव्होरो म्हणजे सैतान. नंतर २००० साली न्यूमन आणि गोमेझ यांनी दाखवलं की लॅडनं १९३४ मध्ये फिजीतल्या एका जीवाश्माला म्बालावुआना म्हटलंय, तो प्राणी हाच. आपल्या ग्रायफॉइडिससारखंच प्रकरण, फक्त इथे जुळणी लोकांना पटली आणि सैतानाचं नाव मागे पडलं.

तिसरी गोष्ट तुमच्या मॅक्झिमाचीच. मॅक्झिमा म्हणून बघितले जाणारे काही शिंपले वेगळे आहेत असं लोकांना वाटायचं, कारण ओठावर, म्हणजे प्रावरणावर, डोळ्यासारखे थेंबुळके ठिपके आणि त्यांना पांढरी बारीक किनार. २०१४ मध्ये तैवानच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही खरंच वेगळी जात आणि नाव शोधलं तर १७९८ चं तयार, नोए, बायबलमधल्या नोहावरून. कुणी दिलेलं ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या निंगालू रीफवरून ट्रिडॅक्ना निंगालू ही नवी जात जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी कळलं की तीही नोएच. बिचारे. यात अडचण काय झाली असेल ते बघा, डोळ्यासारखे ठिपके मांसावर असतात, शिंपेवर नाही. म्युझियममध्ये राहते रिकामी शिंप. म्हणजे दोनशे वर्षं ओळखीची खूणच फेकून देत होतो आपण.

आणि हा नुसता कागदी खेळ समजू नका. राक्षसी शिंपल्यांचं अख्खं कूळच १९८५ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे मॅक्झिमातून नोए फुटली तरी व्यापारावरचा चाप सुटत नाही. पण आपल्या वन्यजीव कायद्याच्या यादीत २००१ साली हे शिंपले आले ते एकेका जातीच्या नावानं. जिथे अशी यादी असते तिथे एका नावातून दुसरं फुटलं की पकडलेला माल नेमका कुठला, हा वाद कोर्टात जाऊ शकतो. यादी करणाऱ्यांनी कूळ लिहावं, जात नको, असं मला तरी वाटतं.

प्रश्न : केरळात विळिंजमला नोकरीला असताना आम्ही तांबूस शिणाणे खायचो, त्याला पेर्ना इंडिका म्हणायचे, खास भारतातलीच जात म्हणून अभिमान होता. आता ती भारतीय नाही असं ऐकतो?

खरं ऐकलंत. कुरियाकोस आणि नायर यांनी १९७६ मध्ये ती नवी जात म्हणून मांडली. २०१६ मध्ये गार्डनर आणि सहकाऱ्यांनी शिंप आणि डीएनए दोन्ही बघून सांगितलं की ही पेर्ना पेर्नाच, लिनियसची १७५८ मधली, आणि ती ओमानकडून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दक्षिण भारतात आली असावी. म्हणजे एका झटक्यात जात गेली आणि स्थानिकची पाहुणी झाली. चव तीच असेल, काळजी नसावी.

प्रश्न : मोती देणाऱ्या शिंपलीचं आज नक्की नाव काय? तीन पुस्तकांत तीन मिळाली.

तिन्ही बरोबर असू शकतात, हाच त्रास आहे. फुकाटा हे गूल्डचं १८५० चं, रेडिआटा लीचचं १८१४ चं, इम्ब्रिकाटा १७९८ चं (हो, तेच ते). सगळी एक जात धरली तर इम्ब्रिकाटा जिंकतं, पण ते नाव कॅरिबियनकडच्या शिंपलीचं. वेगळ्या धरल्या तर आपली नि जपानची फुकाटा राहते. काहींनी सुवर्णमध्य काढलाय, पिंक्टाडा इम्ब्रिकाटा फुकाटा, म्हणजे उपजात. तुतिकोरिनला १९७३ मध्ये आपल्याकडचा पहिला संवर्धित मोती निघाला त्याचे कागद फुकाटा नावाचे आहेत, तेव्हा शोधताना ते नाव टाकायला विसरू नका.

प्रश्न : मी गोव्यात पीएचडी करतोय. माझ्या शिंपलीचा सीओआय जीन (जात ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातला जीन) काढला, डेटाबेसमध्ये ९९ टक्के जुळला, पण भलत्याच जातीच्या नावाशी. गाईड म्हणतात डीएनए खोटं बोलत नाही, नाव बदल. बदलू का?

थांब, इतक्यात नको. डीएनए खोटं बोलत नाही, पण डेटाबेसमध्ये नाव टाईप करणारा माणूस चुकू शकतो. ९९ टक्के जुळलं म्हणजे एवढंच की तुझी शिंपली आणि त्यांची शिंपली एक. त्यांनी ती ओळखली बरोबर का, ते त्या आकड्यात नाही. त्यांच्या नोंदीत नमुना कुठल्या म्युझियममध्ये ठेवलाय असं लिहिलंय का बघ. लिहिलं नसेल तर मी त्या नावावर विसंबणार नाही.

दुसरं, शिंपल्यांत एक विचित्र प्रकार असतो जो बाकी प्राण्यांत सहसा नसतो. आपल्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, आईकडून येतात, पण मायटिलसमध्ये, मनिला क्लॅम म्हणतात त्यात आणि आणखी काही शिंपल्यांत नर बापाकडूनही घेतात आणि तो बापाकडचा वाटा त्यांच्या जननग्रंथीत साठतो. बापाकडचा आणि आईकडचा डीएनए इतका वेगळा की एकाच शिंपलीतून दोन जाती निघाल्यासारखं वाटतं. तू तुकडा पोटाच्या भागातून कापला असशील, बहुतेक मुलं तिथूनच कापतात कारण तिथे मांस जास्त, तर परत कर. पायाचा किंवा शिंप मिटणाऱ्या स्नायूचा तुकडा घे, जमलं तर न्यूक्लियर, म्हणजे पेशीच्या केंद्रकातला, जीनही एक काढ.

मग जुळलं की नाव शोधायला लाग, आणि ते मूळ वर्णनापासून. बहुतेक जुनी पुस्तकं आता स्कॅन होऊन फुकट मिळतात, ग्मेलिन काय रोडिंग काय. मूळ वर्णन कुठल्या किनाऱ्याचं ते बघ, कारण कुकुलाटासारखं अटलांटिकचं निघालं तर तुझ्या मांडवीच्या शिंपलीला ते लावण्याआधी दोनदा विचार करावा लागेल. ज्या नमुन्यावर नाव बेतलंय तो, टाईप म्हणतात तो, कुठे आहे ते शोध, म्युझियमला मेल कर, फोटो मागव. बरेच जण पाठवतात, उशिरा पाठवतात पण पाठवतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझी स्वतःची शिंपली फेकू नकोस. दोन्ही शिंपा जोडीनं ठेव, बिजागरीचे दात दिसले पाहिजेत, मांसाचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, फॉर्मेलिनमध्ये अजिबात नको. कुठल्या खाडीतून, कुठल्या तारखेला, किती खोलीवरून ते लेबलवर लिही. लेबल बाटलीच्या आत टाक आणि पेन्सिलीनं लिही, बॉलपेननं नको, शाई अल्कोहोलमध्ये दोन दिवसांत धुऊन जाते आणि मग उरते ती एक बिननावाची शिंपली.